दवाखान्यातल्या फिश टँकचं पाणी फरशी न भिजवता कसं बदलू?

ओपीडीताई, मिरज:

नमस्कार. मी मिरजेत एका लहान मुलांच्या दवाखान्यात १९ वर्षं काम करते. केसपेपर काढणं, बाळांचं वजन-उंची घेणं, लसींच्या फ्रीजचं तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहिणं ही माझी कामं. गेली ९ वर्षं वेटिंग रूममधला फिश टँकही माझ्याकडेच आहे.

टँक ३६ इंच लांब, १२ इंच रुंद आणि १८ इंच उंच आहे. अडीच फुटी लोखंडी स्टँडवर ठेवलाय. वर टॉप फिल्टर, तळाला दोन इंच खडी. चार गोल्डफिश आहेत, त्यातला एक ओरांडा. त्याच्या डोक्यावर मांसल तुरा आहे म्हणून मुलं त्याला टोपीवाला म्हणतात. इंजेक्शनच्या खोलीत जायला हटून बसलेलं पोर "टोपीवाल्याला सांगून येऊ या" म्हटलं की काचेपाशी येतं, दोन मिनिटं बघतं आणि मग आईचा हात धरून आत जातं. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की माझ्या लेखी तो टँक म्हणजे शोभेची वस्तू नाही, दवाखान्याचं सामान आहे.

आता अडचण. टँक घेतला तेव्हा दुकानदाराने सांगितलं होतं की महिन्यातून एकदा सगळा रिकामा करून धुवायचा. मी तसंच करत आले. दुपारी एकला ओपीडी संपली की मासे टबमध्ये काढते, मगाने पाणी बादलीत काढते आणि बाथरूममध्ये नेऊन ओतते. बाथरूम १८ फुटांवर आहे. खडी नळाखाली चोळून धुते, फिल्टरचा स्पंज साबण न लावता पण चांगला पिळून धुते, आणि परत बादल्यांनी टँक भरते. बादली १५ लिटरची असली तरी हिंदकळते म्हणून १० लिटरच भरते. जाऊन-येऊन वीस-बावीस खेपा होतात. टँकपासून बाथरूमपर्यंत पाण्याचा माग उमटतो. फरशी ग्रॅनाइटची, गुळगुळीत. पुसली तरी कोपऱ्यांत ओल राहते.

मागच्या महिन्यात एक आजी तापलेल्या नातवाला घेऊन चारलाच आल्या. माझं पुसून व्हायचं होतं. स्टँडसमोर त्यांचा पाय घसरला. सून शेजारीच होती, तिने बाळ झेललं. आजींचं कोपर बाकावर आपटलं. मॅडमनी लगेच तपासलं, मोडलं नव्हतं, नुसती सूज आली. त्या रात्री मला झोप लागली नाही. बाळ हातातून सुटलं असतं तर, हेच डोक्यात येत राहिलं.

मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "फरशी कोरडी राहील असं काही जमतंय का बघ. नाही जमलं तर महिनाअखेर टँक कोणाला तरी देऊन टाकू." त्यांचं चुकलेलं नाही. पण मला तो जाऊ द्यायचा नाही.

दर वेळी धुतल्यावर दोन-तीन दिवस पाणी दुधट होतं आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. मागच्या वर्षी दोन मासे असेच गेले. ते माझ्या धुण्यामुळे का, तेही सांगा.

-----

खडीवाळू, पुणे:

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. हो, धुण्यामुळेच. दोष तुमचा नाही. आपल्याकडे बहुतेकांना दुकानात हेच सांगतात.

माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून आणि त्यांच्या कल्ल्यांतूनही अमोनिया पाण्यात येतो. तो त्यांना विषारी. स्पंजवर आणि खडीवर जिवाणू वस्ती करून असतात. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे बऱ्याच प्रमाणात मासे सोसू शकतात. ही वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. तुम्ही दर महिन्याला क्लोरीनच्या नळाखाली खडी आणि स्पंज दोन्ही चोळता, म्हणजे वस्ती बसत आली की उठवता. दुधट पाणी हे पाण्यात मोकळे वाढलेले जिवाणू असतात आणि ते प्राणवायू खातात. मासे वर येऊन तोंड मारतात ते त्यामुळे आणि अमोनियामुळे.

म्हणून टँक रिकामा करणं आजपासून बंद. मासे बाहेर काढायचे नाहीत. खडी टँकमधून उचलायची नाही. आठवड्यातून एकदा फक्त तीस टक्के पाणी बदलायचं. स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात दोनदा दाबायचा, बस. गोल्डफिश घाण फार करतात, त्यामुळे आठवडा चुकवू नका.

हिशेब बघा. तुमच्या टँकमध्ये १६ इंचांपर्यंत पाणी धरलं आणि खडीची जागा वजा केली तर साधारण १०५ लिटर होतात. त्याचे तीस टक्के म्हणजे ३०-३२ लिटर. पाण्याची पातळी साडेचार इंच उतरली की झालं. काचेवर बाहेरून चिकटपट्टीची खूण करून ठेवा.

आणि ते ३० लिटरही बादलीने न्यायचे नाहीत. फरशीवर पाणी सांडतं ते उचलून नेल्यामुळे. उचललंच नाही तर सांडणार कुठून? टँकजवळ खिडकी आहे का? तिची कड जमिनीपासून किती उंच? बाहेर खाली काय आहे?

-----

ओपीडीताई, मिरज:

आत्ता मोजून आले. टँकच्या डाव्या हाताला चार फुटांवर खिडकी आहे. कड जमिनीपासून तीन फूट. दवाखाना तळमजल्यावर पण जोतं उंच, बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा दोन फूट खाली. तिथे मातीचा वाफा आहे, दोन जास्वंदी आणि एक तगर. ग्रिल आहे पण त्यातून हात सहज जातो.

नऊ वर्षं मी त्या खिडकीसमोरून बादल्या नेल्या.

-----

खडीवाळू, पुणे:

झालं तर मग. तुमच्या टँकची वरची कड चार फुटांवर, खिडकी तीन फुटांवर, वाफा त्याहून पाच फूट खाली. नळी एकदा टँकच्या कडेवरून आली की पुढे उतारच उतार. सायफनला, म्हणजे नळीने पाणी आपोआप खाली ओढून काढायला, याहून चांगली जागा मिळत नाही.

हार्डवेअरच्या दुकानात पारदर्शक नळी मागा, गवंडी लेव्हल बघायला वापरतात त्या जातीची, पण आतून अर्धा इंच असलेली. पारदर्शकच घ्या, आत काय चाललंय ते दिसतं. टँकच्या तळापासून वर येऊन, कडेवरून खिडकीपर्यंत आणि तिथून वाफ्यात, एवढं अंतर सुतळीने मोजा आणि वर दोन फूट जास्त घ्या. तुमचं माप १५ फुटांच्या आसपास येईल. त्याच नळीत बसेल असा छोटा बॉल व्हॉल्व्ह घ्या आणि टँकपासून दोन फुटांवर, उभं राहून हात पोचेल असा जोडा. जोडांवर क्लिपा आवळा. नुसती घट्ट बसलेली नळी कधीतरी सुटते आणि ती नेमकी पाणी चालू असताना सुटते.

टँकमधल्या टोकाला खडी साफ करायचं रुंद तोंड हवं. मत्स्यालयाच्या दुकानात तयार मिळतं. नाहीतर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीचा तळ कापा, बुचाला भोक पाडून नळी घट्ट बसवा. कापलेली कड पॉलिश पेपरने घासा, माशांना लागायला नको.

तोंडाने ओढून सायफन लावू नका. ते पाणी पोटात जायच्या लायकीचं नसतं आणि तुम्ही दवाखान्यात काम करता. व्हॉल्व्ह उघडा ठेवून रुंद तोंड पाण्यात पूर्ण बुडवा, तोंड वर करून झटकन बाहेर उचला म्हणजे आतलं पाणी नळीत उतरेल, आणि नळी रिकामी व्हायच्या आत पुन्हा बुडवा. असं तीन-चारदा केलं की पाणी कडेवरून पलीकडे पडतं आणि सायफन लागतो. मगच रुंद तोंड खडीत खुपसा. खडी आत उसळेल, मळ वर जाईल, खडी जड म्हणून खाली बसेल. मळ गेला की उचलून शेजारी. एका आठवड्यात अर्धाच तळ करा, उरलेला पुढच्या.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडलात तर तुमच्या उंचीच्या फरकाला मिनिटात बारा-तेरा लिटर जातील. खडी साफ करायला तो वेग जास्त आहे. अर्धा उघडा.

थांबवताना गडबड होते, इथे लक्ष द्या. बहुतेकांचं पाणी सांडतं ते बदलताना नाही, आवरताना. आधी टँकमधलं टोक पाण्याबाहेर उचलून डोक्याच्या वर धरा. नळीतलं सगळं पाणी खिडकीबाहेर जाईपर्यंत थांबा. मग नळी टँकच्या बाजूने गुंडाळत आणा आणि बाहेरचं टोक शेवटी, अंगठ्याने बंद करून आत घ्या. टँकच्या कडेवर जुना पंचा टाकून ठेवा, थेंब तिथेच जिरतील.

फिल्टर आधी बंद करायचा, पाणी उतरल्यावर त्याचा पंप कोरडा फिरून जळतो. ज्यांच्याकडे हीटर आहे त्यांनी तोही. गरम हीटर पाण्याबाहेर उघडा पडला की काच तडकते.

आणि ते पाणी वाफ्यात जाणार हे उत्तम. नायट्रेट म्हणजे झाडांचं खाणंच. माशांना कधी औषध किंवा मीठ घातलं असेल तर मात्र त्या आठवड्यात झाडांना नको.

-----

कूलरवाला, नागपूर:

काढायचं तर झालं, भरायचं मी सांगतो जी. आमच्याकडे घरोघरी कूलर, आणि पावसाळा लागला की कूलरचा पंप पेटीत पडून असतो. तोच छोटा १८ वॉटचा सबमर्सिबल पंप. तो माणसाच्या उंचीपर्यंत पाणी चढवतो, तुमचा टँक तर चारच फुटांवर आहे. फक्त कूलरमधला जुना घेऊ नका, त्यात क्षार आणि वाळ्याचा कचरा अडकलेला असतो. नवा घ्या आणि तो माशांचाच ठेवा.

झाकणाचं ५० लिटरचं पिंप टँकच्या जवळात जवळ, पण पेशंटच्या वाटेत नाही असं ठेवा. आदल्या संध्याकाळी नळाचं पाणी भरा. पिंपात पंप, पंपाला नळी, नळी टँकमध्ये. बटण दाबलं की बादली नाही, मग नाही.

माझी चूक सांगतो म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. मी नळीचं टोक टँकच्या पाण्यात बुडवून ठेवलं होतं. टँक भरला, पंप बंद केला आणि गॅसवर दूध होतं म्हणून आत गेलो. परत आलो तर टँकमधलं पाणी त्याच नळीने उलटं पिंपात येऊन, पिंप भरून हॉलभर झालं होतं. पंप बंद झाला की ती नळीच सायफन होते. तेव्हापासून भरायच्या नळीचं टोक पाण्याच्या वर, काचेकडे तोंड करून चिमट्याने लावतो. धार काचेवरून उतरते, खडी उकरली जात नाही, आणि उलटं ओढायला पाणीच नसतं.

विजेचं आणखी एक. पंप चालू असताना पिंपात किंवा टँकमध्ये हात घालायचा नाही. वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब झोळावरून खाली पडतो, सॉकेटमध्ये जात नाही. दवाखान्याच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, आहे का ते इलेक्ट्रिशियनला विचारा. लहान पोरं येतात तिथं तो असलाच पाहिजे.

-----

दोन_फुटी, डोंबिवली:

मला पिंप अनावश्यक वाटतं. मी सहा वर्षं बेसिनच्या नळाला नळी लावून थेट भरते. क्लोरीन काढायचे थेंब मिळतात, ते आधी टँकमध्ये टाकते आणि मग पाणी सोडते. फक्त थेंबांचं माप नव्या पाण्याचं नाही, पूर्ण टँकचं धरायचं, कारण पाणी आत आल्यावर क्लोरीन सगळीकडे पसरतो. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास जास्त येतो तेव्हा हे विशेष पाळायचं.

पाण्याच्या गरमपणाकडे बघा. आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी एप्रिल-मेमध्ये दुपारी हात भाजेल असं येतं. मी सकाळी सहाला बदलते, तेव्हा दोन्ही पाण्यांत हात घातला तर फरक कळत नाही.

-----

खडीवाळू, पुणे:

थेट नळाची पद्धत चुकीची नाही, घरी मीही तेच करतो. पण ताईंच्या नळापासून टँकपर्यंत १८ फूट नळी वेटिंग रूममधून जाणार आणि मधेच एखादं पोर तिच्यात अडकणार. शिवाय नळाला बसवलेली नळी दाबाने सुटते. त्यांच्या जागेत पिंपच बरं. रात्रभर उघड्या हवेत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे काढणारा दगड) सोडला तर क्लोरीन उडूनही जातो. पाण्यात क्लोरॅमीन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर तो तसा उडत नाही, त्यामुळे थेंब टाकलेले बरे. त्या थेंबांत बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं. जुने लोक फोटो स्टुडिओतून हायपोचे खडे आणायचे, ते हेच.

-----

गप्पीपालक, रत्नागिरी:

पिंपाबद्दल एकच. झाकण घट्ट, आणि पाणी आदल्या संध्याकाळीच भरायचं, आठवडाभर साठवून नाही. डेंग्यूचा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, आणि उन्हाळ्या-पावसाळ्याच्या उबेत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. लहान मुलांच्या दवाखान्यात हे चालणार नाही. काम झालं की पिंप पुसून पालथं. अंडी पिंपाच्या आतल्या भिंतीला चिकटतात म्हणून नुसतं ओतून भागत नाही, आतून घासायला हवं.

हातावर कापलेलं, खरचटलेलं असेल तर टँकमध्ये हात घालताना हातमोजा घाला. टँकच्या पाण्यातले काही जिवाणू जखमेतून त्वचेत शिरतात आणि ते दुखणं महिनोन् महिने रेंगाळतं.

-----

ओपीडीताई, मिरज:

सहा आठवडे झाले, म्हणून सांगायला आले.

पाइप, व्हॉल्व्ह, क्लिपा आणल्या. बाटलीचं तोंड मी स्वतः कापून बसवलं. पहिल्या गुरुवारी सायफन लावायला माझी वीस मिनिटं गेली, कारण मी व्हॉल्व्ह बंद ठेवूनच नळी बुडवत होते. उघडल्यावर तिसऱ्या झटक्यात लागला. पाणी नळीतून पिवळट रंगाचं जाताना दिसलं. वरून इतकं स्वच्छ दिसणाऱ्या खडीत एवढा मळ होता हे मला माहीत नव्हतं.

आता गुरुवारी एक वाजून दहा मिनिटांनी सुरू करते. व्हॉल्व्ह अर्धा, तळाचा अर्धा भाग, खुणेपर्यंत पाणी उतरायला पाच-सहा मिनिटं. नळी डोक्यावर धरून रिकामी करणं मी अगदी सांगितलंय तसं करते. पिंप इंजेक्शनच्या खोलीत दाराआड ठेवलंय, बुधवारी रात्री आठला भरते आणि थेंब टाकते. खाली एक मोठी परात ठेवते, पंप बाहेर काढताना ठिबकतं ते तिच्यात. भरायला सात मिनिटं लागतात. गुरुवारी दुपारी दीडला मी डबा खायला बसलेली असते. आधी चार वाजायचे.

फरशीवर पहिल्या आठवड्यात नळीच्या जोडातून थोडं सांडलं, क्लिप ढिली होती. त्यानंतरचे पाच आठवडे कोरडं. तरीही काम संपल्यावर मी कोरड्या फडक्याने स्टँडपासून खिडकीपर्यंत पुसते आणि अनवाणी चालून बघते. ते मी सोडणार नाही.

पाणी एकदाही दुधट झालं नाही. टोपीवाला वर येऊन तोंड मारत नाही, खाली खडीत हुंगत फिरतो. स्पंज पूर्वी मी पांढरा होईपर्यंत धुवायची. आता तपकिरी राहतो, तो तसा ठेवायला मला फार जड गेलं, पण ठेवला.

आरसीसीबी नव्हता. मॅडमनी दुसऱ्याच दिवशी माणूस बोलावून बसवून घेतला.

त्या आजी मागच्या सोमवारी नातवाला डोससाठी घेऊन आल्या होत्या. मी उठून त्यांचा हात धरून बाकापर्यंत नेलं. त्यांनी फरशीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि नातवाला टँकसमोर उभं केलं. महिनाअखेर येऊन गेली, टँक देण्याचा विषय मॅडमनी काढलेला नाही.

एक विचारायचं राहिलं. काचेच्या वरच्या कडेला, पाण्याच्या रेषेवर पांढरा थर धरलाय, नखाने निघत नाही. मासे आत असताना तो कशाने काढू?

-----

खडीवाळू, पुणे:

तो क्षारांचा थर आहे. गुरुवारी पाणी साडेचार इंच उतरलेलं असतं तेव्हाच करा. कापडाचा तुकडा साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून घट्ट पिळा, थेंब पाण्यात पडता कामा नये, आणि थरावर दहा मिनिटं चिकटवून ठेवा. मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडा. साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसा आणि मगच पंप चालू करा.